सरळ उत्तराचा दंड

आर्वीच्या एसटी डेपोत चौकशीच्या खिडकीत रत्नदीप कित्येक वर्षं बसत होता. एवढ्या वर्षांत समोर उभ्या गाडीची पाटी वाचून मग प्रश्न विचारणारा माणूस त्याला भेटला नव्हता. पाटीवर ठळक 'आष्टी' लिहिलेलं, कंडक्टर 'आष्टी, आष्टी' करून घसा फोडतोय, आणि खिडकीशी माणूस विचारतो, "भाऊ, आष्टीची गाडी लागली का?" रत्नदीप सांगायचा, "लागली." मग पुढचा प्रश्न, "आष्टीलेच जाते नं?" रत्नदीप सांगायचा, "जाते." नोकरीच सरळ उत्तरं द्यायची होती. दिवसभर सरळ उत्तरं देऊन जिभेची काय दशा होते हे ज्याला कळत नसेल, त्यानं एक दिवस त्या खिडकीत बसून पाहावं.

म्हणूनच तर त्यानं कट्टा काढला. दोन हजार सातची गोष्ट. धीरजच्या सायबर कॅफेत बसून, ऑर्कुट नावाच्या साइटवर, 'वऱ्हाडी बोलकट्टा'. बोलीचं वेड असलेली माणसं कुठून कुठून येऊन जमली. भूपेंद्र मूळचा पुलगावचा, पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. मेघा नागपूरला बँकेत. आणि 'तहसीलदार' या नावानं लिहिणारं कुणीतरी. ना फोटो ना पत्ता, पण लेखणी अशी तिखट की सगळे 'साहेब' म्हणूनच बोलायचे. रत्नदीपनं स्वतःचं नाव घेतलं होतं 'चौकशी खिडकी', पण तो आर्वी डेपोतला रत्नदीप हे सगळ्यांना माहीत होतं.

कट्ट्याचा नियम एकच, आणि तो रत्नदीपनंच केलेला. इथं कुणी कुणाला सरळ विचारायचं नाही, की सरळ उत्तर द्यायचं नाही. दिलं तर दंड. दंड म्हणजे आठवडाभर पुस्तकी मराठीत लिहायचं. 'मले' नाही, 'काऊन' नाही. 'आपण', 'कृपया', 'तथापि'. वऱ्हाडी माणसाला याहून मोठी शिक्षा काय देणार? भूपेंद्रला ती एकदा झाली होती. तिसऱ्या दिवशी त्यानं कळवलं होतं, की आरशात पाहिलं तर स्वतःलाच अहो-जाहो करावंसं वाटतं.

शनिवारी अर्जबाजी चालायची. एकानं सरकारी थाटात अर्ज टाकायचा, बाकीच्यांनी तो नामंजूर करायचा. भूपेंद्रनं उन्हाळ्याला अर्ज केला, की साहेब, आपण मार्चातच रुजू झालात, थोडी रजा घ्यावी. उत्तर आलं, 'अर्ज घामानं भिजल्यामुळे वाचता आला नाई.' मेघानं डासांना रात्रपाळी बंद करण्याची विनंती केली. तिला कळवण्यात आलं, 'रक्तगट लिहेल नाई, अर्ज अपात्र.' रत्नदीप एकटाच हसत बसायचा आणि शेजारच्या टेबलावर रेल्वेचं रिझर्व्हेशन पाहणारे लोक त्याच्याकडे वळून पाहायचे.

हे सगळं ठीक चाललं होतं तेव्हाचं. मग त्याच्या वडिलांना, चिंधूजींना, लकवा झाला. जन्मभर गिरणीत राबलेला माणूस एका कुशीवर पडला तो पडलाच. दिवसा त्याची बायको अंजू पाहायची, आपली अंगणवाडी सांभाळून. रात्री रत्नदीप. वर्ष होत आलं आणि एका शनिवारी सकाळी चहा देता देता ती म्हणाली, "उद्यापासून तुमी ड्यूटीवरून सरळ घरी येत जा. मले भांडाचं नाई. मी थकली."

तिच्या आवाजात राग असता तर त्यानं काही तरी उलट बोलून वेळ मारून नेली असती. राग नव्हताच. तो "हो" म्हणाला.

संध्याकाळी तो कॅफेत गेला तो निरोप घ्यायला. पण इतकी वर्षं वाकडं लिहून सरळ लिहायची सवय मोडलेली, आणि वार शनिवार. हाताला लागला तो अर्जाचाच साचा.

'मा. सदस्य, बोलकट्टा यांस. विनंती अर्ज. वडील सालभरापासून अंथरुणावर आहेत. दिवसा खिडकी अन् रात्री त्याहीची उशी. मी आता थकलो. उद्यापासून येणं जमणार नाई. रजा मंजूर करावी.'

त्याला सहानुभूती नको होती. कुणीतरी एकदा 'काय झालं?' एवढं विचारावं, इतकंच त्याला हवं होतं.

मेघानं लिहिलं, 'थकव्याच्या दोन झेरॉक्स जोडा.' भूपेंद्रनं लिहिलं, 'खिडकी रजेवर गेली त हवा कुठून येईन? अर्ज दाराकडं वर्ग.' आणखी कुणी लिहिलं, 'उशीचा जबाब घेतला का?' उशीवर रत्नदीपला हसू आलं; सवयच ती. मग त्यानं लिहिलं, 'हे खरं आहे.'

लगेच तहसीलदार उतरले. 'खरं असल्याचा दाखला आमच्या कार्यालयातून घ्यावा. कार्यालय आज बंद आहे.'

त्यावर हशा पिकला. भूपेंद्रनं जाहीर केलं, की यंदाचा हा सगळ्यात भारी अर्ज, पयला नंबर. रत्नदीपला राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात जोर लागतो. नियम त्याचाच, साचा त्याचाच, बोलणार कुणाला? तो उठला. धीरज म्हणाला, "आज लवकर?" तो म्हणाला, "हो."

सोमवारी भर गर्दीत चौकशीचा फोन वाजला.

"आर्वी डेपो, चौकशी."

"गाडीचं नाई विचाराचं मले," वयस्क बाईचा आवाज होता. "रत्नदीप आहेत का?"

"बोलून राह्यलो."

"मी कट्ट्यावरची तहसीलदार. सुलोचना नाव माहं, हिंगणघाटची. शाळेत शिकवत होती, आता रिटायर आहो."

रत्नदीपच्या तोंडून "साहेब" निघालं, मग "बाई".

"तुमचा अर्ज कॅफेतून घरी गेल्यावर मले पुन्हा आठवला. तो अर्ज नव्हता. वडील कसे आहेत?"

"त्याहीचं काई नाई," रत्नदीप म्हणाला, "अंथरूणच थकलं बिचारं."

पलीकडून हसू आलं नाही. खिडकीत एक म्हातारा वाकला. "भाऊ, आष्टीची गाडी लागली का?"

"मी सरळ विचारून राह्यली," सुलोचनाबाई म्हणाल्या. "दंड भरीन. वडील कसे आहेत? अन् तुमी कसे आहा?"

"थांबा जरा," रत्नदीप म्हणाला. बाईंना नव्हे, खिडकीतल्या म्हाताऱ्याला.

मग पाठ फिरवून, फोन तोंडाशी धरून तो बोलला. "बरं नाई, बाई. घास गिळता येत नाई त्याहीले. रात्रभर मले हाका मारतात अन् जवळ गेलो की वयखत नाईत. मी हात धुतो अन् ड्यूटीवर येतो. घरवाली थकली. मीही थकलो. कधी कधी वाटते, सुटावं आता त्याहीनं. मंग स्वतःचीच लाज वाटते." हे त्यानं अंजूलाही सांगितलं नव्हतं.

 बाई म्हणाल्या, "माह्याजवळ उपाय काई नाई."

"माईत आहे."

"फक्त विचाराचं होतं."

फोन ठेवून तो वळला, तर म्हातारा तिथंच उभा. आष्टीची गाडी मघाच निघून गेली होती. रत्नदीपनं ते सांगितलं. इतक्या वर्षांत त्याच्या खिडकीपायी कुणाची गाडी चुकली नव्हती.

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं?" म्हातारा म्हणाला आणि बाकड्यावर जाऊन बसला. त्याचं बरोबरच होतं.

पुढच्या शनिवारी अंजूची बहीण आली होती. अंजूच म्हणाली, "जाऊन या तासभर. तोंड पाहा कसं झालं तुमचं."

कट्ट्यावर वेगळाच गोंधळ चालू होता. तहसीलदार सोमवारपासून पुस्तकी मराठीत लिहीत होते. 'आपला विनोद अत्यंत रोचक आहे', 'कृपया खुलासा करावा'. लोकांनी त्यांची यथेच्छ टर उडवली होती. साहेबांची बदली पुण्याले झाली का? साहेबांनी सरळ उत्तर देलं कोणाले? बाईंनी फोनचा पत्ता लागू दिला नव्हता. दंड मात्र इमानानं भरत होत्या.

रत्नदीपनं ते सगळं वाचून काढलं. मग त्यानं लिहिलं.

'त्यांनी मला दूरध्वनी केला होता. माझ्या वडिलांची प्रकृती विचारली. मी दिलेला तो अर्ज खरा होता.'

त्यानं पान पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं.  धीरजनं पंखा वाढवला, शेजारच्या माणसाचं रिझर्व्हेशन झालं, तो उठून गेला. आता पुन्हा कुणी झेरॉक्स मागणार, असं रत्नदीपला वाटलं.

मग मेघा. 'आपल्या वडिलांची प्रकृती आता कशी आहे?'

उशीचा जबाब मागणाऱ्यानं लिहिलं, 'मला अत्यंत वाईट वाटले.' सगळे रांगेनं दंड ओढवून घेत होते, आणि दिसत होते पहिल्यांदाच निबंध लिहायला बसलेल्या मुलांसारखे.

शेवटी भूपेंद्र. 'माझ्याकडून चूक झाली. मी गुरुवारी पुलगाव येथे येत आहे. आपण अनुमती दिल्यास त्या रात्री आपल्या वडिलांजवळ मी बसेन. आपण आणि वहिनी यांनी झोप घ्यावी.'

'अर्ज तीन प्रतींत करावा' हे रत्नदीपच्या बोटांवर आलं होतं. त्यानं ते येऊ दिलं नाही. डोळे पुसले आणि पुलगावहून आर्वीला येणाऱ्या संध्याकाळच्या गाड्या, कोणती कुठं थांबते यासकट, लिहून काढल्या. शेवटची चुकवू नका, तिच्यानंतर गाडी नाही, असंही लिहिलं. आणि सगळ्यात खाली लिहिलं, 'या.'