विश्रामने निवडलेले टायर

कोपरीच्या खाडीकाठी राहणाऱ्या शेवंतीच्या धाकूने शहाऐंशी साली जुनी मोटारसायकल घेतली. अजून पुढेमागे शिकाऊची लाल 'एल'ची पाटी होती, पण बेत थेट माळशेजपर्यंत पोचले होते. जुने टायर पार गुळगुळीत झालेले, म्हणून नवे निवडायला त्याने विश्राममामाला गाठलं. विश्राम शेवंतीचा धाकटा भाऊ, वागळे इस्टेटमध्ये फिटर.

धाकूला जाड खाचांचे, चिखल तुडवणारे टायर हवे होते.

"नांगर धरणार आहेस का रे?" मामाने विचारलं.

शिकाऊ माणसाला डांबरी रस्ता घट्ट धरणारा टायर हवा, असं समजावत त्याने चार दुकानं पालथी घातली. रबर बोटाने दाबून, बाजूचे आकडे वाचून पुढे सरळ रेघांचा आणि मागे बारीक नक्षीचा टायर घेतला. पहिले आठ दिवस गाडी हळू चालव, असंही बजावलं.

शेवंतीच्या घरात नवी होडी माशाचं तेल चोळल्याशिवाय कधी पाण्यात गेली नव्हती. धाकू सकाळी मुरबाडला निघणार होता. आदल्या तिन्हीसांजेला गाडीला हळदकुंकू वाहिल्यावर तिने दोन्ही टायरांना तेच तेल चोळलं, अगदी रेघारेघांतून, तान्ह्या बाळाला चोळावं तसं. टायर काळेभोर चमकले, तसा तिचा जीव निवांत झाला.

सकाळी पहिल्याच वळणावर गाडी घसरली. धाकूच्या पायाचं हाड मोडलं.

चौघांनी उचलून आणलेल्या गाडीच्या टायरांना माती लपेटलेली दिसली आणि शेवंतीला सगळं कळलं. मागच्या दारी तिने सोडा घालून टायर धुतले. कोळीवाड्यात तेलाच्या वासाकडे कोण लक्ष देणार? तिचा नवरा गोमाजी सगळ्यांना सांगत सुटला, मेव्हण्याला दुकानदाराने भंगार माल गळ्यात मारला.

विश्राम दर रविवारी यायचा, भाच्याच्या प्लास्टरकडे बघायचा आणि ओट्यावर बसून उतरवलेले टायर पुन्हा पुन्हा दाबून पाहायचा. खोट काही सापडत नसे. असे तीन महिने गेले. प्लास्टर निघाल्यावर धाकूने दुसरे टायर घ्यायला चल म्हटलं, तर तो मान हलवून म्हणाला, "माझ्या निवडीवर परत बसू नको, पोरा. दुसऱ्या कोणाला तरी ने."

शेवंती कोळंबी सोलत होती. तिचे हात थांबले.

"टायर चांगलेच होते. मी त्यांना तेल लावलेलं, होडीला लावतो तसं."

विश्रामने विचारलं, "मला कधी सांगणार होतीस, बाय?"

त्याने उठून तेच टायर गाडीला चढवले, धाकूला गल्लीतून एक फेरी मारायला लावली आणि चहा न घेता गेला.

पुढच्या रविवारी तो आला, जेवला, धाकूची थट्टाही केली. वाढताना शेवंतीची नजर मात्र त्याच्या ताटाच्या वर गेली नाही. त्या रविवारी नाही, नंतरही कित्येक वर्षं नाही.