आधी उघडायची पेटी

मित्रांनो, मी आंब्याच्या लाकडाची एक जुनी पेटी आहे. नागपूरच्या नागनाथ सुताराने मला घडवले आणि सदाशिवरावांनी माझ्यावर काळ्या रंगाने लिहिले, 'आधी उघडणे'. ते बँकेत अधिकारी. बदली झाली की नव्या घरात सर्वांत आधी मला उघडत. माझ्यात रॉकेलचा स्टोव्ह, पातेले, सांडशी, चहा-साखर आणि दोन कप असत. बाकी सामान तसेच ठेवून नवरा-बायको माझ्या झाकणावर बसून चहा पीत. विभाताई म्हणत, "चला, आपलं घर लागलं." मला मोठा अभिमान वाटे.

२००५ साली आम्ही जयपूरला, आदर्श नगरात आलो. तिथे वाळवी फार. विभाताई मला गच्चीवर उन्हात ठेवत आणि बोटाने फळ्या वाजवून पाहत. पोखरलेली फळी बाहेरून चांगलीच दिसते. आवाज मात्र पोकळ येतो.

हळूहळू घरातले शब्द मला तसेच वाजू लागले. भांडण नव्हते. पण 'अगं' आणि 'अहो' थांबले. तुझ्या आईला सांग, मला उशीर होईल. बाबांना विचार, जेवणार आहेत का. त्यांची मुलगी वल्लरी एकदा वैतागली, "मतलब, मी काय पोस्टमन आहे?" कोणी हसले नाही. मला संशय आला.

मग भोपाळची बदली आली. वल्लरीची बारावी होती, म्हणून मायलेकी जयपुरातच राहणार असे ठरले. कारण खरे होते. पण दोघांनी ते इतक्या चटकन मान्य केले, की माझा संशय वाढला.

विभाताईंनी सवयीने माझ्यात दोन कप ठेवले. सदाशिवरावांनी एक काढून ओट्यावर ठेवला.

"एकच पुरे."

विभाताई कपाकडे पाहत राहिल्या. मग तो वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी परत ठेवला. "राहू द्या, अहो. परीक्षा झाली की मी येणार आहे. आपला चहा एका कपात कसा होईल?"

 झाकण लावताना सदाशिवरावांनी हळूच विचारले, "अगं, सांडशी घातलीस का?"

आता मी भोपाळला आहे. वल्लरीची परीक्षा संपली. उद्या मायलेकी येतील. आज सदाशिवरावांनी दुसऱ्या कपाचा कागद सोडून तो धुऊन ठेवला. तरी माझा स्वभाव संशयी. वाजवून पाहिल्याशिवाय मी फळीवर विश्वास ठेवत नाही. उद्या नीट ऐकेन.

मित्रांनो, लाकडाला अधूनमधून ऊन लागते, तसेच रोजच्या शब्दांनाही. तुमच्या घरी कोणी तुमच्या हाती असे निरोप देऊ लागले, तर ते पोचवू नका. दोघांना एका पेटीवर बसवा आणि चहा ठेवा.