उणे आठ वर्षांचा वायू

शुक्रवारी माझी नोकरी कायम होणार होती किंवा जाणार होती. सगळं एका आकड्यावर अडलं होतं: जुन्या फ्रीजमधला वायू हवेत गेला की तिथं किती वर्षं मुक्काम ठोकतो?

पद्धत सोपी. वर्षभर दर आठवड्याला प्रयोगशाळेच्या गच्चीवर बाटलीत हवा भरायची. वायू एकूण किती आणि वर्षाला घटतो किती, ते काढायचं आणि पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं. इतरांचं उत्तर पन्नासच्या आसपास येतं. माझा वायू घटायचं सोडून वाढतच होता, त्यामुळे माझं आलं उणे आठ.

"म्हणजे तो संपून आठ वर्षं झाली?" प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी विचारलं.

"गणित तसं म्हणतंय."

"मग बाटल्यांत काय भरलंयस, आठवणी? शुक्रवारी समिती येतेय. आकडा माणसात आण, नाहीतर इथं तुझंच आयुष्य चार दिवसांचं."

तीस वर्षं यंत्रं सांभाळणारा दादा म्हणाला, "जवळपास कुणीतरी गळतंय."

आम्ही गळती हुंगणारं यंत्र घेऊन इमारतभर फिरलो. कोठीत ते गप्प, जिन्यात गप्प. मॅडमच्या केबिनमध्ये शिरताच किंचाळायला लागलं. मॅडमच्या जवळ नेलं तर आणखी जोरात.

"मॅडम," मी म्हणालो, "तुम्ही गळताय."

"तुमच्या मागचं काहीतरी," दादानं सावरलं.

मॅडम हात पसरून पडद्यासमोर उभ्या राहिल्या. शेजारीच भिंतीवर 'खाजगी उपकरणं आणण्यास सक्त मनाई' अशी त्यांच्याच सहीची सूचना होती. पडद्यामागे फ्रीज. फ्रीजमध्ये अर्धं कलिंगड.

"आईचा आहे," त्या हळूच म्हणाल्या. "ती गेल्यावर भाऊ भंगारात देत होता. मार्चमध्ये गुपचूप आणला."

केबिनमधली हवा बाहेर टाकणारा पंखा ती नळीतून थेट गच्चीवर, मी बाटल्या भरायचो तिथंच फेकत होता. दादानं फ्रीजमधला उरलेला वायू टाकीत काढून घेतला. मी मार्चनंतरच्या बाटल्या वगळल्या. उत्तर आलं बावन्न, चार इकडे-तिकडे. पण बाटल्या का वगळल्या ते अहवालात लिहायचं असतं. खरं लिहिलं तर फ्रीज जाणार, नाही लिहिलं तर मी. मी रकाना कोरा ठेवला.

समिती मॅडमच्याच केबिनमध्ये बसली.

"कारण कोरं का?" अध्यक्षांनी विचारलं.

मॅडम उठल्या. "कारण माझी आई. मार्चपासून."

अध्यक्षांनी चष्मा काढला. समितीनं उभं राहून एक मिनिट शांतता पाळली. त्या शांततेत पडद्यामागून घर्रर्र असा आवाज आला. वायू नसला तरी मोटर सवयीनं चालू होती.

"या... त्याच का?" अध्यक्षांनी विचारलं.

"त्यांचा फ्रीज," मॅडम म्हणाल्या, आणि सगळं सांगून टाकलं.

अध्यक्षांनी पडदा सारला, दार उघडलं, कलिंगड बघितलं. "वायू नाही म्हणजे हे कपाट झालं. प्लग काढा. कपाटाला परवानगी लागत नाही. रकान्यात खरं ते लिहा."

मी लिहिलं. संध्याकाळी पत्र मिळालं: नोकरी कायम.

"कायम म्हणजे किती रे?" मी दादाला विचारलं.

दादानं पत्र उजेडाला धरून बघितलं. "बावन्न वर्षं. चार इकडे-तिकडे."