भक्तपूरची गाडी

"तांब्या बाजूला ठेवा," शरणम्मा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "लिंग गळ्यात पडल्याबिगर मी थेंब घेनार न्हाई. रात्री सांगितलं, आता बी तेच सांगून राहिले."

गुरुबसप्पाने तांब्या ठेवला नाही. काठमांडूतल्या धर्मशाळेच्या त्या खोलीत तो तांब्या धरून तसाच उभा राहिला. उदगीर-देगलूर गाडीत तिकीट न काढणाऱ्या प्रवाशापुढे तो असाच उभा राहायचा. प्रवासी शेवटी कंटाळून तिकीट घ्यायचा. शरणम्मा कंटाळणाऱ्यातली नव्हती.

"मंग माझं घाल," तो म्हणाला आणि शर्टाच्या आतून आपल्या गळ्यातलं लिंग काढू लागला.

"येड लागलं का तुमाला? ज्याचं लिंग त्याचं. नवरा झाला म्हनून काय देव उसना घेता येतो?"

त्याने आपलं लिंग परत शर्टाच्या आत सारलं. लिंगायताच्या घरी मूल जन्मलं की जंगम येऊन त्याला इष्टलिंग बांधतो आणि माणूस गेला की ते त्याच्या बरोबर मातीत जातं. मधल्या काळात ते अंगावेगळं होत नाही. रोज तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची, मगच तोंडात पाणी घ्यायचं. हरवलंच तर जंगमाच्या हातून दुसरं घ्यायचं आणि तोवर उपाशी राहायचं. सगळेच आता इतकं कडक पाळत नाहीत, पण शरणम्मा पाळायची. लिंग हरवलं म्हणून प्राण सोडलेल्या जुन्या माणसांच्या गोष्टी तिला तोंडपाठ होत्या. त्यांच्या माहितीतले जंगम होते ते काशीला, पण काशी डोंगराच्या पार पलीकडे राहिली होती. तिथपर्यंत कोरड्या तोंडाने पोचण्याइतकं बळ शरणम्मात उरलं नव्हतं. वाटेत उलट्या होऊन तिचे डोळे खोल गेले होते आणि ओठांवर खपली धरली होती.

आणि हे सगळं झालं होतं गुरुबसप्पामुळे.

गुरुबसप्पा उदगीर डेपोत कंडक्टर होता. प्रवाशाच्या पायी आपली गाडी कधी उशिरा सुटली नाही, याचा त्याला भारी अभिमान. उशीर व्हायचा तो ड्रायव्हरमुळे, टायरमुळे किंवा सरकारमुळे. बाजाराच्या दिवशी मुखेडच्या स्टँडवर बाया, गाठोडी, कोंबड्या, सगळं तो असं काही आत कोंबायचा की गाडी सुटल्यावरच लोकांना आपला पाय कुठला आणि शेजाऱ्याचा कुठला ते समजायचं. जन्मभर दुसऱ्यांना गावाला पाठवलं, बायकोला मात्र सोलापूरच्या पलीकडे नेलं नव्हतं. घरच्यांना जागाच उरू नये, अशी त्याची नोकरी.

लातूर जिल्हा झाला तेव्हा गाड्यांच्या पाट्या बदलल्या, कचेऱ्यांना रंग लागला, नवे साहेब आले. पाणी तेवढं आलं नाही. जुन्या जिल्ह्यात दुष्काळ होता, तो नव्यातही तसाच नांदू लागला. टँकर आला की गल्ली घागरी घेऊन धावायची. शरणम्मा लिंगाला पळीभर पाणी घालायची आणि तेच पाणी खालच्या वाटीत धरून तुळशीला द्यायची. अशाच एका कोरड्या वर्षी गुरुबसप्पा रिटायर झाला आणि शरणम्माने पहिल्यांदा नवऱ्याकडे काही मागितलं.

"मला पशुपतिनाथ दाखवा."

गळ्यात देव असताना देवळं कशाला, असं कडक लिंगायत म्हणतात. शरणम्माचं म्हणणं वेगळं होतं. घरात आई असली तरी माणूस मावशीला भेटायला जातोच की.

डेपोतल्या व्यंकटराव ड्रायव्हरने ही बातमी ऐकली आणि विचारलं, "बोटीनं जाता येत न्हाई का तितं?"

"त्या मुलकाला समुद्रच न्हाई."

"मंग आपल्यासारकंच म्हना की," व्यंकटराव म्हणाला. "नुस्ती धूळ खात जायचं."

परभणी, मनमाड, काशी अशा गाड्या बदलत दोघं रक्सौलला पोचली. तिथे रेल्वे संपली. टांग्याने सरहद्द ओलांडून वीरगंजला मुक्काम केला. पुढे जायला विमान होतं, जुना घाटरस्ता होता आणि नदीच्या कडेने जाणारा लांबचा रस्ता होता. विमानाला गुरुबसप्पाने नावं ठेवली. मधे कुठे थांबत नाही, हात दाखवला तरी कुणाला घेत नाही, त्याला काय गाडी म्हणायचं? घाटरस्त्याने पोटातलं सगळं बाहेर येतं असं टांगेवाल्याने सांगितलं, म्हणून त्याने नदीचा रस्ता धरला. शरणम्माच्या पोटातलं त्या रस्त्यानेही बाहेर आलंच.

गाडी भल्या पहाटे सुटली होती, त्यामुळे तिची पूजा राहिली होती आणि पूजेविना पाणीही. दुपारी गाडी जेवणासाठी थांबली. हॉटेलच्या बाजूला डोंगरातून दगडी तोंडातून जाड धार पडत होती. तिला तोटी नव्हती, रांग नव्हती, राखण नव्हती. पाणी आपलं पडत होतं आणि रस्त्याखालून नदीकडे जात होतं. शरणम्मा त्या धारेपुढे बराच वेळ नुसती उभी राहिली.

"ह्ये बंद कोन करतं?" तिने विचारलं.

"कुनीच न्हाई."

मग ती आंघोळ करून ओलेत्याने तिथेच एका दगडावर बसली. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि उजव्या ओंजळीने त्यावर पाणी घालू लागली. एक ओंजळ झाली, दुसरी झाली, ती घालतच राहिली. वर्षानुवर्षं पळी पळी दिलेलं पाणी तिला आज एकदम द्यायचं होतं. तिचे डोळे मिटलेले होते आणि तोंडावर असं सुख होतं की गुरुबसप्पाने ते त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला. झालं. कंडक्टर रिटायर होतो, त्याचे कान होत नाहीत. गुरुबसप्पा ताडकन उठला. "चला, चला, बसून घ्या," करत त्याने परक्या मुलखातल्या परक्या माणसांना ताटावरून उठवायला सुरुवात केली. भाषा कळत नसूनही निम्मे लोक उठले. मग तो धारेकडे आला.

"आगं, ऊठ. गाडी सुटून राहिली."

"वाईच थांबा. अजून पानी प्याले न्हाई मी."

"गाडीत पी. तुझ्या एकटीपायी लोकं खोळंबून राहतील का?"

ती उठली. घाईघाईने ओली मूठ डबीत रिकामी केली, कडी न बघता डबी मिटली आणि त्याच्यामागे धावली. दोघं गाडीत बसल्यावर पाहतात तो ड्रायव्हर हॉटेलात पाय पसरून दुसऱ्यांदा भात घेत होता. हॉर्न त्याच्या पोराने खेळताना वाजवला होता. शरणम्माची पूजा पुरी होऊन वर एक झोप झाली असती, इतका वेळ गाडी तिथेच उभी राहिली. पण ओल्या लुगड्याने ती गारठली होती. गुरुबसप्पाच्या खांद्यावर डोकं टेकून तिने डोळे मिटले. काठमांडूत उतरताना हात गळ्याशी गेला तेव्हा डबीचं झाकण उघडं होतं आणि आत काही नव्हतं.

ती त्याला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

"मी आलोच," म्हणून गुरुबसप्पाने तांब्या अखेर खाली ठेवला आणि बाहेर पडला. नळावर चूळ भरली, थुंकून टाकली आणि देवळाकडे निघाला. जायचं कुणाकडे ते ठाऊक नव्हतं. इतकंच ऐकलं होतं की पशुपतिनाथाचे पुजारी दक्षिणेकडचे असतात. पूजा आटोपून बाहेर येणाऱ्या एका भट्टांसमोर तो हात जोडून उभा राहिला आणि लहानपणी घरात बोललेल्या भाषेत म्हणाला,

"स्वामी, कन्नड बरतदेनु?"

भट्ट थबकले. "बरतद," ते हसून म्हणाले. येतं की. इतक्या लांब आपली बोली ऐकून दोघांनाही क्षणभर बरं वाटलं. पण गुरुबसप्पाला पुढे बोलवेना. बायको मरून जाईल, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगू लागला. भट्टांनी त्याला ओट्यावर बसवलं, सगळं काढून घेतलं आणि म्हणाले, "रडू नका. भक्तपूरला जंगमांचा मठ आहे. फार जुना. बाणेश्वरच्या रस्त्यावर तारेवरची बस मिळेल."

शरणम्माला आधार देत त्याने रस्त्यापर्यंत आणलं. बस आली ती डोक्यावरच्या दोन काठ्या विजेच्या तारांना टेकवून. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. एरवी गुरुबसप्पाने तिच्याभोवती दोन चकरा मारल्या असत्या. आज त्याने शरणम्माला खिडकीशी बसवलं आणि तिचं मनगट धरून बसला. हात तापलेला होता.

शहर मागे पडलं आणि एका वळणावर काठी तारेवरून सटकली. बस उभी राहिली. कंडक्टर मागे जाऊन दोरी ओढून काठी तारेला लावू पाहत होता, ती लागेना. गुरुबसप्पा उतरला, धोतर खोचलं आणि न विचारता दोरीला हात घातला. दोघांनी मिळून काठी बसवली. तरी बस हलली नाही. तारेतली वीजच गेली होती.

गुरुबसप्पा आत येऊन बसला. "आता यील," तो म्हणाला.

"घाई करू नगा," शरणम्मा म्हणाली. तिची जीभ टाळ्याला चिकटत होती. "मी काय लगेच मरून न्हाई राहिले."

हे ती गमतीने म्हणाली की खरंच, ते त्याला कळेना. त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. बाहेर भाताची हिरवीगार खाचरं पाण्याने तुडुंब भरलेली होती. एवढ्या पाण्याच्या मधोमध त्याची बायको तहानेने वाळत चालली होती. तिच्याशिवाय उदगीरच्या घराचं कुलूप आपल्याला उघडता येणार नाही, असं त्याला स्पष्ट वाटलं. किती वेळाने कोण जाणे, बस गुणगुणली आणि हलली.

गाडी जिथे संपली तिथून गाव वर होतं. उतार, पूल, मग चढ. वाटेत ती दोनदा बसली. दुसऱ्या वेळी त्याने तिला पाठंगुळीला घेतलं आणि तिने विरोध केला नाही. विटांच्या गल्ल्या विचारत विचारत मठ सापडला. दारात एक वयस्क जंगम उभे होते. टोपी नेपाळी, बोलणं नेपाळी. शरणम्माने खाली उतरून आधी त्यांच्या गळ्याकडे पाहिलं. तिथे लिंग होतं. मग तिने उंबऱ्यावर डोकं ठेवलं.

जंगमांना कन्नड येत नव्हतं, मराठी येत नव्हतं. तिघांची गाठ हिंदीत पडली, म्हणजे यांच्या उदगिरी हिंदीत.

"लिंग कैसे खोया, माई?" जंगमांनी विचारलं.

गुरुबसप्पाने मान खाली घातली. 

"मेरेच हात से सुटा, महाराज," शरणम्मा म्हणाली. "इत्ता पानी कब्बी देखी नै थी. देखी तो भान नै रहा."

"नै महाराज, मैं घाई किया..."

"तुमी गप बसा," ती मराठीत म्हणाली. "तुमाला कुनी इचारलंय का?"

जंगमांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. त्यांनी सारवलेल्या जागेवर तिला बसवलं, कपाळाला विभूती लावली, मंत्र कानात सांगितला आणि नवं लिंग तिच्या तळहातावर ठेवलं. शरणम्माने त्याची पूजा केली. या वेळी घाई कुणाला नव्हती. बाहेर कुणीतरी धान्य पाखडत होतं, तेवढाच आवाज. गुरुबसप्पा खांबाशी बसून तिच्या हाताकडे पाहत होता.

पूजा झाल्यावर जंगमांनी विचारलं, "वो धारा मालूम है मेरे को. आदमी भेज के ढुंढवाऊं क्या?"

शरणम्माने थोडा विचार केला. ते लिंग तिला जन्मल्यावर बांधलं होतं, आईच्या मांडीवर. त्याच्या बरोबरच मातीत जायचं म्हणून ती जगली होती. तिने रिकाम्या डबीवर बोट फिरवलं आणि नवं लिंग आत ठेवून कडी नीट लावली.

"नको," ती मान हलवून नवऱ्याला म्हणाली. "उठताना पान्यात कायतरी पडल्यासारकं वाटलं व्हतं मला. राहू द्या तितं. आपल्याकडं लई कोरडे दिस काढले त्यानं."

बोलताना तिचे डोळे भरले. पुसायला तिने पदर उचलला नाही. जंगमांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे केला. ती तो घेऊन वळली आणि नवऱ्यापुढे धरला.

"आदी तुमी."

"मी कशाला? मी पेलो की सकाळी."

"चूळ भरून थुंकली. धर्मशाळंच्या खिडकीतनं बघितलं मी. काल धरनं तुमच्या बी पोटात थेंब न्हाई."

 तांब्या त्याने दोन्ही हातांनी धरला, तोंडाला न लावता वरून दोन घोट घेतले आणि राहिलेलं सगळं पाणी तिच्या ओंजळीत सावकाश ओतत राहिला.