भित्र्यांची तरंगलांबी

उलट्या बादलीवर बसलेला वर्कशॉपचा मालक.

‘नऊशे पंधरा भित्र्यांसाठी असतं, सर.’ आणि टेबलाभोवती पिकलेला हशा.

चिलरच्या जाळीवर लोकरीसारखी धूळ.

पोलादाचा पत्रा, वरून कापलेला, खालून चिकटलेला.

तो पत्रा आता तिच्या हातात होता.

“सकाळी लोण्यासारखं कापतं,” मालक म्हणाला. “दुपार झाली की रुसतं. मशीन घेतलंय का जावई?”

मागे कारागीर हसले. लेसरला गार पाणी पुरवणाऱ्या चिलरपाशी सर उकिडवे बसले होते. लेसर बनवायला ती शिकली ती त्यांच्याच हाताखाली. पाण्यात तापमापक धरून ते म्हणाले, “तापलंय.”

तिला पुढचं कळलं. लेसरच्या फायबरला, म्हणजे काचेच्या तंतूला, प्रकाश पाजणारे डायोड कोणत्या तरंगलांबीचे घ्यायचे, हे ठरवणं तिचं काम होतं. नऊशे शहात्तर नॅनोमीटरचा प्रकाश फायबर घटाघटा पितं. फायबर आखूड, लेसर जोरदार. पण हे पिणं एका अरुंद पट्टीतच. डायोड तापला की तरंगलांबी सरकते आणि प्रकाश न पिताच पुढे निघून जातो. तरंगलांबी जागेवर धरून ठेवणारे डायोड महाग, म्हणून तिने साधे घेतले. नऊशे पंधराला फायबर सावकाश पितं, लांब लागतं, पण थोडं सरकलं तरी निभावतं.

“गिऱ्हाइकाचं पाणी आपल्या लॅबसारखं नसतं, बाई,” सर बैठकीत म्हणाले होते. त्यावर तिचं ते भित्र्यांचं वाक्य. त्यावर तो हशा. सरही हसले होते. जरा उशिरा.

सरांनी मालकाला थोडक्यात सांगितलं, की यातल्या डायोडना गरम पाणी सोसत नाही.

“म्हणजे नाजूक माल आमच्या गळ्यात मारलात,” मालक उठला. “हे ठरवलं कुणी?”

तिने तोंड उघडलं.

(इथे एक अक्षर यायला हवं होतं. जागा सोडली आहे.)

“मी,” सर म्हणाले.

“तुम्ही? एवढे केस पिकवून?”

“केस पिकतात हो. अक्कल राहते मागे.”

कारागीर पुन्हा हसले, या वेळी मोकळेपणाने. ती चिलरवरचा आकडा वाचत राहिली. तो बदलत नव्हता. तिचे कान तापले होते.

सरांनी जाळी काढली आणि स्वतःच्या रुमालाने धूळ पुसायला घेतली.

“द्या, मी करते.”

“राहू दे. हात खराब होतील.”

परतताना गाडी ती चालवत होती. बराच रस्ता गेल्यावर म्हणाली, “सर, मी सांगणारच होते.”

“हं.”

“मग तुम्ही कशाला मध्ये...”

“भित्र्या माणसाला खोटं पटकन सुचतं,” सर म्हणाले आणि खिडकीची काच खाली करू लागले. काच अर्ध्यात अडकली. त्यांनी ती तशीच राहू दिली.

सरांचं मत घ्यायला म्हणून ती बैठक बोलावली होती, त्याच्या आदल्या आठवड्यातच डायोडची ऑर्डर गेली होती. तिच्या सहीने.