एका फळीची रेहाल

मशीन पहिली.

"चार बाय आठ फूट, चाचा! दरवाजा पण कोरंल," जयसिंग म्हणाला. शिरूरच्या बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये तो सीएनसी राउटर बांधायचा. कॉम्प्युटरवर आकार काढायचा, मशीन तो लाकडात कोरणार.

मेहमूदभाईंनी पिशवीतून शिसवीचा तुकडा काढला. "ह्याच्यावर चालवा."

"डेमोला मऊ बोर्ड असतो, चाचा."

"मग लेकीला मऊ बोर्ड देऊ व्हय?"

पातं फिरू लागलं. मेहमूदभाईंनी स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवलं, मूठ कानाला. पाटसच्या कारखान्यात तीस वर्षं बेअरिंगं अशीच ऐकली होती. पण आता हात थरथरत होता. कानात त्याचाच आवाज. त्यांनी मूठ दातांत धरली.

"अब्बा, लोक बघत्यात," रुबी पुटपुटली.

"बघू दे. खडखडतंय. ही न्हाई."

मध्येच, दौंडच्या घरचं.

थोरल्या दोघी लेकींना निकाहात त्यांनी हातची रेहाल दिली होती. कुराण ठेवायची घडीची घोडी. अख्खी एका फळीतली, बिजागरीसुद्धा त्याच लाकडाची. रुबीचा निकाह पुढच्या महिन्यात. तिच्या दोन फळ्या हात हलून बिजागरीतच फुटल्या होत्या.

मशीन दुसरी.

दोन फुटांची, बुटकी, जाड लोखंडाची. स्क्रूड्रायव्हरची मूठ पुन्हा दातांत धरली, तर दातांना जवळजवळ काही कळलंच नाही. कोरलेल्या कडेवर नख फिरवलं, अडकलं नाही.

"हिच्यावर दरवाजा न्हाई व्हायचा," जयसिंग म्हणाला.

"दरवाजा कुणाला पायजे?"

"आन् आधीच सांगतो. पातं गोल फिरतं, आतले कोपरे गोलच ऱ्हाणार. ते पटाशीनं हातानं काढायचे."

मेहमूदभाई आपल्या हातांकडे बघत राहिले.

"हीच द्या," रुबी म्हणाली.

कोपरे आठ.

मशीननं बिजागरी कोरली होती, फळी जाडीत मधोमध बिजागरीपर्यंत चिरून झाली होती. रुबीनं पटाशी रेघेवर उभी धरली. लाकडी मोगरी अब्बांकडे.

"मारा."

"हात हलला तर बोटावर बसंल."

"मेंदी लागायचीय अजून. जपून मारा."

पहिला ठोका पटाशीला नुसता शिवला. दुसऱ्याला नखाएवढी ढलपी निघाली. चौथ्या कोपऱ्यानंतर ते "संभाळ" म्हणायचे थांबले.

रुबीनं दोन्ही पानं ओढली. कर्रर्र करून फळी उघडली.

"झालं की! आता बघताय काय?" दारातून रुबीची आई बानू म्हणाली.

मेहमूदभाईंनी रेहाल फरशीवर ठेवली. मग वाकून, सगळे पाय नीट टेकलेत का म्हणून कागदाचा कपटा एकेका पायाखाली सरकवून बघितला.

कुठंच शिरला नाही.