हिरव्या पट्टीची वेळ

तक्रारी वाचणं हे माझं काम. आमचा मासेमारीचा ऑनलाइन खेळ आहे. हजारो माणसं एकाच तळ्याकाठी बसून गळ टाकतात आणि मग आम्हाला शिव्या घालतात. त्या शिव्या वाचायच्या, एकसारख्या एकत्र करायच्या, आणि दर सोमवारी बैठकीत सांगायचं की बाबांनो, लोकांना हे हवंय, हे नकोय. माझा स्वभाव तिखट, त्यामुळे माझं ऐकतात.

चार महिन्यांपूर्वी एकच तक्रार पावसासारखी पडायला लागली: खेळ फार सोपा आहे. मासा गळाला लागला की पडद्यावर हिरवी पट्टी येते. ती दोन सेकंद राहते, तेवढ्यात बोट दाबायचं. 'झोपेतसुद्धा मासे पकडतो आम्ही,' असं एकाने लिहिलं होतं. अशा अकराशे तक्रारी घेऊन मी बैठकीत उभी राहिले आणि म्हटलं, पट्टी अर्ध्या सेकंदावर आणा.

खेळाची आखणी करणारा आमचा चष्मेवाला कुरकुरला. "ज्यांना आत्ता बरं चाललंय ते कशाला लिहितील?"

"मग न लिहिणाऱ्यांचं ऐकायचं कसं? स्वप्नात येणार आहेत का ते तुझ्या?" मी म्हटलं. सगळे हसले. साहेबांनी मान डोलावली आणि पट्टी अर्ध्या सेकंदावर आली. तक्रारी बंद झाल्या. मी दोन दिवस कॉलर ताठ करून फिरले.

आता आईचं सांगते. वर्षापूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. आठवड्यातून दोनदा फिजिओ यायचा, पण ती व्यायामाला कंटाळायची. म्हणून मीच तिला टॅबवर आमचा खेळ लावून दिला. उजव्या बोटाने दाबायचं, बस. पहिल्या दिवशी एक मासा. मग चार. मग एका दुपारी एकतीस! शेजारणीला बोलावून दाखवले तिने. त्यानंतर हळूहळू चमचा उजव्या हातात आला, मग वेणीसुद्धा.

आणि मग एका रविवारी जेवताना पाहते तर चमचा परत डाव्या हातात.

"अगं, उजव्याने खा ना."

"गेला तो हात परत," आई म्हणाली. हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशा आवाजात. "फिजिओला सांगितलंय, येऊ नको म्हणून. उगाच कशाला त्याची पायपीट?"

"कधी सांगितलंस? तुला कोण म्हणालं, हात गेला म्हणून?"

"कोण कशाला म्हणायला हवं? तीन आठवडे झाले, एक मासा लागत नाही. बोट पोचेपर्यंत पट्टी गायब. आधी किती सहज जमायचं."

तीन आठवडे. मला हिशोब करायची गरजच नव्हती. बदल झाल्याची सूचना खेळात दाखवली होती आम्ही, मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि तिने ती न वाचताच बंद केली असणार. सगळेच करतात.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुझ्या कामात खोट काढू? आणि खोट माझ्यात होती."

मी हातातला घास खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. अकराशे तक्रारी, माझी बडबड, अर्धा सेकंद. आईने मांडीवरचा उजवा हात उचलून पाहिला.

"म्हणजे हात चांगला होता?"

"होता."

"अगं मेले!" ती ओरडली, आणि मग रडायलाच लागली. मीही रडले. दुसरं काय करणार होते?

सोमवारी बैठकीला मी तक्रारी नेल्याच नाहीत. बदलानंतर एक शब्द न बोलता खेळ सोडून गेलेल्यांची यादी नेली. दोन हजार तीनशे माणसं. चष्मेवाल्याने यादी पाहिली आणि 'मी सांगितलं होतं' असं म्हणाला नाही, त्याचे उपकार. दुपारपर्यंत ठरलं: सावकाश आणि झटपट, दोन्ही वेग ठेवायचे, ज्याने त्याने निवडावा.

मग त्या गेलेल्यांना पत्र लिहायचं होतं. साहेबांनी मसुदा आणला, 'आपला अनुभव अधिक चांगला व्हावा म्हणून...' वगैरे. मी तो बाजूला सारला आणि लिहिलं: 'तुमचा हात चुकत नव्हता. आम्ही वेळ कमी केली होती. चूक आमची.'

"कंपनी असं लिहीत नसते," साहेब म्हणाले.

"मग माझ्या नावाने जाऊ दे."

गेलं. दोन दिवसांत तीनशेवर उत्तरं आली, जन्मात कधी न लिहिलेल्या माणसांची. एक जण डोळे तपासून आला होता. एका आजोबांनी नातीला सांगून टाकलं होतं की आता आपल्याला जमायचं नाही, तू एकटी खेळ. वाचताना मला खुर्चीत नीट बसवेना.

गुरुवारी फिजिओ परत आला. त्याने आईची बोटं एकेक करून उघडली, मनगट वळवून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मधे व्यायाम सोडलात ना? आता खरंच आखडलाय. दोनेक महिने मागे गेलो आपण."

मी मान खाली घातली. आईने डाव्या हाताने माझी पाठ थोपटली आणि त्याला म्हणाली, "तिचा काही दोष नाही हो. मी तक्रारच केली नव्हती, तिला कळणार कसं?"

त्या तीन आठवड्यांतही रोज दोन वेळा मी तिच्या समोर बसून जेवत होते.